सांधा नसलेली संधी

प्रयोगशाळेत शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने पक्कडीने डायोड फोडला होता. मला तंत्रनिकेतनात शिकवायला लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती, त्यामुळे आधी रागच आला. डायोड रुपया-दीड रुपयाचा; पण साठ्याच्या वहीत त्याचा हिशेब मलाच द्यावा लागे. तो मात्र काळ्या आवरणाचा चुरा कागदावर पसरून शांतपणे भिंगातून पाहत होता. दोन तारा, त्यांची खिळ्याच्या डोक्यासारखी चपटी केलेली टोकं, आणि त्या दोन डोक्यांच्या मध्ये डाखलेली करड्या रंगाची एक टिकली, एखाद मिलिमीटरची. ती टिकलीही त्याने सुईने उलटीपालटी करून पाहिली होती.

"मॅडम, सांधा सापडला नाही," तो म्हणाला.

फळ्यावर मीच आदल्या दिवशी चित्र काढलं होतं: दोन चौकोन, एकमेकांना चिकटलेले, एकात 'पी', दुसऱ्यात 'एन', मध्ये ठळक उभी रेघ. त्या रेघेला मी पी-एन संधी म्हटलं होतं. तो ती रेघ शोधत होता. मी म्हणाले, "फार बारीक असतो रे, डोळ्यांना नाही दिसत." तास संपला. मुलाने चुरा खिशात टाकला आणि तो गेला.

उत्तर खोटं नव्हतं, पण फसवं होतं. मोठं भिंग मिळालं की सांधा दिसेल, असं त्या उत्तराने त्याला वाटलं असणार. तसा तो दिसत नाही. कितीही मोठं सूक्ष्मदर्शक आणा, अणूअणू दाखवणारं आणा, तरी त्या टिकलीत दोन तुकडे जोडल्याची खूण सापडणार नाही, कारण दोन तुकडे कधी जोडलेलेच नसतात. सिलिकॉनचा तो एकच अखंड स्फटिक असतो. अणूंची रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ जाते, वाटेत कुठे अडखळत नाही. बदलते ती फक्त त्यात मिसळलेली चिमूटभर भेसळ. त्या मुलाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर जरा लांबलं आणि त्याचं हे पुस्तक झालं.

आपल्या भाषेत 'संधी' शब्दाची गंमत अशी, की तो चुकीचाही वाटतो आणि अगदी नेमकाही. 'जंक्शन' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मनमाड किंवा दौंड उभं राहतं: इकडचे रूळ, तिकडचे रूळ, मध्ये चहाचा स्टॉल. 'सांधा' म्हटलं की सुतार आठवतो नाहीतर गुडघा. दोन्ही चित्रं इथे निरुपयोगी आहेत. पण शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकलेली संधी आठवा. सूर्य आणि उदय मिळून 'सूर्योदय' होतो, तेव्हा त्यात जोड कुठे आहे? 'र्य' मधला अ गेला, 'उ' गेला, आणि दोघांच्याही जवळ नसलेला एक 'ओ' तिथे उभा राहिला. पी आणि एन यांच्यामध्ये नेमकं हेच घडतं. नुसत्या पी-सिलिकॉनमधून वीज दोन्ही दिशांनी सारखीच जाते. नुसत्या एन-सिलिकॉनमधूनही तसंच. वीज एकाच दिशेने जाऊ देणं हा गुण दोघांपैकी कुणाकडेच नाही. तो त्यांच्या सीमेवर जन्मतो. पाठ्यपुस्तकं पदार्थाबद्दल पानंच्या पानं लिहितात आणि सीमेला एक रेघ देतात. या पुस्तकात ते उलटं केलं आहे. हर्बर्ट क्रोमर यांनी २००० सालच्या नोबेल व्याख्यानात अशाच अर्थाचं म्हटलं होतं, की पुष्कळदा सीमा हेच उपकरण असतं. त्यांचं काम वेगवेगळ्या पदार्थांच्या सीमांवर होतं, पण एकाच पदार्थातल्या सीमेलाही ते तितकंच लागू पडतं.

ही सीमा माणसाने ठरवून बनवली नाही. ती अपघाताने हाती लागली, आणि ती गोष्ट मला ट्रान्झिस्टरच्या गोष्टीपेक्षाही आवडते.

१९४० सालचा फेब्रुवारी. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेल इथे बेल प्रयोगशाळेचे रसेल ओल सिलिकॉनच्या कांड्या तपासत होते. त्यांना अतिलघू रेडिओलहरी पकडणारे चांगले शोधक हवे होते. त्या काळी स्फटिकाच्या तुकड्यावर तारेचं टोक टेकवायचं, योग्य जागा मिळेपर्यंत ते सरकवत राहायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, असा प्रकार होता. ओल यांचा ध्यास हा, की सिलिकॉन पुरेसं शुद्ध केलं तर हे नशिबावर सोडावं लागणार नाही. धातुशास्त्रज्ञ सहकाऱ्यांनी वितळवून हळूहळू गोठवलेल्या गोळ्यातून त्यांना एक कांडी कापून मिळाली. तिला तडा होता. कांडीवर दिव्याचा उजेड पडला की तिच्या दोन टोकांमध्ये विद्युतदाब दिसे. उजेड काढला की जाई. मार्चमध्ये हे त्याच प्रयोगशाळेतल्या वॉल्टर ब्रॅटन यांना दाखवलं, तेव्हा दाब जवळजवळ अर्धा व्होल्ट भरला. उजेडाने इतका दाब निर्माण झालेला तोवर कुणी पाहिला नव्हता. आपली थट्टा चालली आहे, असं ब्रॅटन यांना क्षणभर वाटलं.

गोष्ट सांगताना सगळे तड्याबद्दल बोलतात. खरं कारण तड्यात नव्हतं. वितळलेलं सिलिकॉन एका बाजूकडून गोठत गेलं, तेव्हा त्यातल्या निरनिराळ्या भेसळी सारख्या प्रमाणात गोठल्या नाहीत. गोळ्याच्या एका भागात एक भेसळ वरचढ राहिली, दुसऱ्या भागात दुसरी, आणि मध्ये आपोआप सीमा पडली. दोन भागांना पी आणि एन ही नावं त्याच प्रयोगशाळेत पडली, 'पॉझिटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' यांची आद्याक्षरं म्हणून. भेसळ इतकी कमी होती की त्या वेळच्या वर्णपट-तपासणीत ती धड सापडेना. पण जॅक स्कॅफ आणि हेन्री थ्युरर या त्याच धातुशास्त्रज्ञ सहकाऱ्यांना एन जातीचं सिलिकॉन कापताना एक वास येई, कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकलं की येतो तसला. तो फॉस्फरसचा माग होता. यंत्राला न सापडलेली भेसळ नाकाला सापडली.

ओल यांच्या आधीही माणसं या सीमेच्या आसपास घुटमळत होतीच. १८७४ मध्ये जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी खनिज सल्फाइडांवर धातूचं टोक टेकवून वीज एकाच दिशेने जाताना पाहिली. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस गॅलिनाचा म्हणजे शिशाच्या खनिजाचा शोधक वापरत. त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ मध्ये मिळालं, आणि अर्धसंवाहक उपकरणाचं ते पहिलं पेटंट मानलं जातं. रशियात ओलेग लोसेव यांना विसाच्या दशकात कार्बोरंडमच्या, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच्या, टोकाशी थंड उजेड दिसला आणि त्यांनी वर्षानुवर्षं त्याचा पिच्छा पुरवला. १९४२ मध्ये, लेनिनग्राडच्या वेढ्यात, ते उपासमारीने गेले. वय अडतीस. आज घरोघरी लुकलुकणाऱ्या एलईडीमागे हे नाव आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही माहीत नसे. मलाही शिकत असताना कुणी सांगितलं नव्हतं. या सगळ्यांच्या मार्गात एकच गोष्ट आडवी येत होती: पदार्थ मळका होता. त्या काळातल्या सिद्धान्तवाल्यांना हा मळका प्रांतच नको होता. वोल्फगांग पाउली यांनी १९३१ मध्ये रुडॉल्फ पायर्ल्स यांना पत्रातून बजावलं होतं, की अर्धसंवाहकांच्या घाणीत हात घालू नये. गमतीचा भाग हा, की त्याच वर्षी ॲलन विल्सन यांनी अर्धसंवाहकांचा पहिला नीट सिद्धान्त मांडला आणि त्यात ती घाणच नायिका ठरली.

ही घाण किती, ते आपल्या मापात सांगते. सिलिकॉनच्या एका घन सेंटिमीटरमध्ये पाचावर बावीस शून्यं इतके अणू असतात. शुद्ध सिलिकॉनमध्ये, घरातल्या तापमानाला, त्यांतल्या सुमारे पाच लाख कोटी अणूंमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा फिरत असतो. आता त्यात पन्नास लाख अणूंमागे फॉस्फरसचा एक अणू घाला. एक क्विंटल तांदळात एक खडा, साधारण असं हे प्रमाण. तेवढ्याने मोकळ्या इलेक्ट्रॉनांची संख्या दहा लाख पटींनी वाढते. कारण सोपं आहे. सिलिकॉनच्या अणूला चार हात, फॉस्फरसला पाच. चार हात चार शेजाऱ्यांच्या हातांत जातात, पाचव्याला धरायला कुणी नसतं, आणि तो इलेक्ट्रॉन खोलीच्या उबेनेच सुटतो. बोरॉनला तीनच हात. त्यामुळे एक जागा रिकामी राहते आणि शेजारचा इलेक्ट्रॉन तिथे येऊन बसला की ती रिकामी जागा शेजारी सरकते. हे 'विवर'. पाण्यात बुडबुडा वर चढतो तेव्हा खरं तर पाणी खाली आलेलं असतं, पण आपण बुडबुड्याचाच हिशेब ठेवतो. तसा विवराचा ठेवायचा. हा नुसता सोयीचा हिशेब आहे की विवराला खरं अस्तित्व आहे, यावर पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. इथे इतकंच सांगते की विवराला वस्तुमान देता येतं, वेग देता येतो, आणि चुंबकाजवळ ते धन प्रभारासारखं वळतं. सोयीचे हिशेब सहसा चुंबकाजवळ वळत नाहीत.

आता सीमेवर येऊ. एन बाजूला मोकळे इलेक्ट्रॉन गच्च, पी बाजूला जवळजवळ नाहीतच. गर्दीतून ते पलीकडे पसरतात आणि तिथल्या विवरांत विरतात. मागे राहतात फॉस्फरसचे धन प्रभारित अणू, जागच्या जागी खिळलेले. पलीकडे तसेच बोरॉनचे ऋण अणू. त्यांच्यातल्या ओढीमुळे पुढचे इलेक्ट्रॉन जाणं अवघड होत जातं, आणि कुठेतरी पसरणं व ओढणं यांची बरोबरी होते. मघाच्या प्रमाणात भेसळ दोन्हीकडे असेल तर हा ओस पट्टा अर्ध्या मायक्रोमीटरहूनही अरुंद असतो, आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागापेक्षा कमी. दोन काठांमधला फरक सुमारे ०.७ व्होल्ट. व्होल्ट किरकोळ, पण अंतर त्याहून किरकोळ. सेंटिमीटरच्या हिशेबाने ते पंधरा-वीस हजार व्होल्ट होतात. हवेत ठिणगी पडायला तीस हजारांच्या आसपास लागतात, हे लक्षात घेतलं की टेबलावर पडलेल्या निवांत डायोडच्या पोटात काय चाललंय याची कल्पना येईल.

विद्यार्थ्यांना मी यासाठी 'भिंत' हा शब्द वापरू देत नाही. भिंतीला उंची असते, उतार नसतो, आणि ती आहे किंवा नाही एवढंच सांगता येतं. 'घाट' म्हणा. देशावर सपाटी, कोकणात सपाटी, आणि सगळा चढउतार मधल्या खंडाळ्यात. एन बाजूचे इलेक्ट्रॉन कोकणात राहतात असं समजा. पी बाजू म्हणजे देश. बॅटरी सुलट जोडली की घाटाची उंची कमी होते, उलट जोडली की वाढते. आणि इथेच डायोडचं मर्म आहे: गाड्यांना इंजिन नाही. वर चढायला त्यांच्याजवळ फक्त उष्णतेची धडपड आहे, आणि घरच्या तापमानाला ती धडपड सरासरी ०.०२६ व्होल्टच्या तोडीची. ०.७ चा घाट म्हणजे तिच्या सत्तावीसपट. लाख कोटींमागे एखाददुसराच माथ्यापर्यंत पोचतो. पण घाट ०.०६ व्होल्टने उतरवला की पोचणारे दहापट होतात, आणखी ०.०६ उतरवला की शंभरपट. म्हणून डायोड हळूहळू सुरू झाल्यासारखा वाटत नाही. अर्ध्या व्होल्टपर्यंत मक्ख, आणि मग एकदम मोकळा. उलट बाजूने घाट उंचावला तरी फारसा फरक पडत नाही, कारण देशावरून खाली घरंगळणारे मुळातच मूठभर. उतार वाढला म्हणून त्यांची संख्या वाढत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मीटर टेकवून "हा लीक करतोय" असं सांगणारा कारागीर या मूठभरांबद्दलच बोलत असतो.

इथे दरवर्षी कुणीतरी एक प्रश्न विचारायचंच, आणि विचारणाऱ्याला मी मनातून शाबासकी द्यायचे. डायोडच्या पोटात ०.७ व्होल्ट आहेत, मग टोकांना मीटर लावला तर शून्य का दाखवतो? पुस्तकं यावर मूग गिळून बसतात. उत्तर असं, की मीटरच्या तारेपर्यंत पोचताना आणखी दोन सीमा लागतात: पी बाजूला धातू टेकतो तिथे एक, एन बाजूला धातू टेकतो तिथे एक. या दोन्ही ठिकाणी आपापले छोटे घाट आहेत, आणि फेरी पूर्ण केली की चढ आणि उतार एकमेकांना तंतोतंत फेडतात. गाव सोडून घाट चढलात, दुसऱ्या वाटेने उतरून परत त्याच गावात आलात, तर गावाची उंची बदललेली नसते. तसं नसतं तर अंधारात ठेवलेल्या डायोडमधून फुकट वीज मिळाली असती आणि महावितरणचं काही खरं नव्हतं. शून्य हे मीटरचं अपयश नाही, तो निसर्गाचा नियम आहे.

मात्र उजेड पाडा, आणि शून्य हलतं. ओल यांच्या कांडीत तेच झालं. ते का, हे समजायला दुसरा शब्द लागतो: संक्रमण.

कोरोनानंतर या शब्दाने बिचाऱ्याने फार सोसलं. तो ऐकला की मास्क आठवतो. पण मकरसंक्रांतीतली संक्रांत तीच. सूर्य एका राशीतून दुसरीत गेला की संक्रमण. इलेक्ट्रॉन एका ऊर्जेवरून दुसरीवर गेला की संक्रमण. बहुतेक पुस्तकं याला 'उडी' म्हणतात आणि शिडीच्या पायऱ्या काढतात. मी ते शक्यतो टाळलं आहे. उडी मारणारा जागा बदलतो. इलेक्ट्रॉनाची जागा बदलेलच असं नाही. बदलते ती त्याची स्थिती. सूर्यही राशीत 'उडी' मारत नाहीच.

सुट्या अणूत या ऊर्जा ठरावीक असतात. सोडियमच्या अणूत एक संक्रमण पिवळ्या उजेडाचं आहे, ५८९ नॅनोमीटरचं. आपल्या शहरांतले रस्ते कितीतरी वर्षं त्या पिवळ्यात न्हायले. घन पदार्थात अणू दाटीने बसले की प्रत्येक ठरावीक ऊर्जेची अब्जावधी किंचित वेगळी रूपं होतात, आणि रेघेचा पट्टा बनतो. खालचा पट्टा भरलेला, वरचा जवळजवळ रिकामा, आणि मध्ये इलेक्ट्रॉनला अजिबात परवानगी नसलेली फट. सिलिकॉनची फट १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, जर्मेनियमची ०.६७, गॅलियम आर्सेनाइडची १.४२, गॅलियम नायट्राइडची ३.४, हिऱ्याची साडेपाच. हे पाच आकडे पाठ असले की पुढचं बरंच काही आपसूक कळतं. हिरा पारदर्शक का? दृश्य प्रकाशाचा कुठलाच कण साडेपाचाची फट ओलांडण्याइतका दणकट नाही. सिलिकॉन करडं, अपारदर्शक का? दृश्य प्रकाशाचा प्रत्येक कण १.१२ हून मोठा आहे आणि शोषला जातो. पण ११०० नॅनोमीटरपलीकडच्या अवरक्त उजेडाला तेच सिलिकॉन काचेसारखं आरपार असतं. रस्त्यावरच्या त्याच खांबांवर आता एलईडी आले आहेत. म्हणजे खांब तोच, पण अणूतल्या संक्रमणाची जागा पट्ट्यांमधल्या संक्रमणाने घेतली. महापालिकेच्या निविदेत हे लिहिलेलं नसतं.

सीमेवर उजेडाचा कण शोषला गेला, की एक इलेक्ट्रॉन आणि एक विवर जन्माला येतात, आणि ते घाटात जन्मलेले असतात. इलेक्ट्रॉन कोकणाकडे घरंगळतो, विवर बुडबुड्यासारखं देशाकडे चढतं. दोघं वेगळे झाले, वीज झाली. सौर पॅनेल म्हणजे एवढंच. शेतातल्या सौर पंपाशेजारचं ते निळं-काळं पॅनेल जवळून पाहा. त्यातला एकेक चौकोन हा एकेक डायोड आहे, माझ्या विद्यार्थ्याने फोडला तसाच, फक्त तळहाताहून मोठा. संधी पृष्ठभागाखाली अर्ध्या-एक मायक्रोमीटरवर. ओल यांच्या कांडीपासून चौदा वर्षांनी, १९५४ मध्ये, बेल प्रयोगशाळेच्याच चॅपिन, फुलर आणि पिअरसन यांनी सहा टक्के उजेडाची वीज करून दाखवली. आज बाजारातली चांगली पॅनेलं वीस टक्क्यांच्या वर आहेत, आणि एका संधीला तेहतिसाच्या आसपास लक्ष्मणरेषा आहे. ती १९६१ मध्ये शॉकली आणि क्वाइसर यांनी आखली. कारण पुन्हा संक्रमण: फटीहून लहान कण आरपार निघून जातात, मोठे कण फटीपुरतेच पैसे देतात आणि उरलेलं उष्णतेत उधळतात. विदर्भातल्या मे महिन्यात ऊन भरपूर असूनही पॅनेल अपेक्षेहून कमी देतं, त्याचंही उत्तर घाटात आहे. तापलेल्या स्फटिकात मूठभरांची संख्या वाढते, आणि अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्ट या दराने प्रत्येक चौकोनाचा दाब घसरतो. पॅनेल साठ अंशांना तापलं की उत्पादन दहा टक्क्यांहून अधिक पडतं. "एवढं ऊन आहे तरी?" असं विचारणाऱ्या एका शेतकरी पालकांना मी हे समजावलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे उन्हाला ऊन बाधतं."

उलट केलं तर? सीमेवर वीज पाठवली, इलेक्ट्रॉन आणि विवर भेटले, तर उजेड निघायला हवा. सिलिकॉनमध्ये तो जवळपास निघत नाही, आणि हे समजावणं मला आयुष्यभर सगळ्यांत कठीण गेलं. इलेक्ट्रॉनाला ऊर्जेबरोबर संवेगही असतो. सिलिकॉनमध्ये वरच्या पट्ट्याचा तळ आणि खालच्या पट्ट्याचा माथा यांचे संवेग जुळत नाहीत. प्रकाशकणाजवळ ऊर्जा भरपूर, संवेग नगण्य. तो हा फरक भरून काढू शकत नाही. स्फटिकाच्या कंपनाला मध्यस्थ म्हणून बोलवावं लागतं, आणि तिघांची वेळ जुळेपर्यंत इलेक्ट्रॉन दुसऱ्या कुठल्यातरी दोषात अडकून उष्णता होऊन संपलेला असतो. लग्न मध्यस्थाच्या सवडीवर अवलंबून राहिलं की होतं तसंच. गॅलियम आर्सेनाइडमध्ये संवेग थेट जुळतात, म्हणून ते उजळतं. १९६२ मध्ये त्यातून लेझर निघाला, आणि त्याच्याच भाऊबंदांतून निक होलोन्याक यांनी लाल एलईडी काढला.

निळा यायला आणखी तीस वर्षं लागली. फट मोठी हवी, आणि गॅलियम नायट्राइडची ती तशी आहे, हे ठाऊक होतं. अडलं होतं ते पी बाजूवर. मॅग्नेशियम घातलं तरी विवरं मिळेनात. नागोया इथे इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांना १९८९ च्या सुमारास दिसलं, की इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली धरलेला नमुना सुधारतो. का, ते पुढे तोकुशिमातल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी उकललं: वाढवताना आत शिरलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला धरून बसला होता. १९९२ मध्ये त्यांनी नुसत्या नायट्रोजनमध्ये तापवून तो हाकलला. पुढच्याच वर्षी झगझगीत निळा एलईडी आला. त्यावर पिवळा उजेड देणाऱ्या पावडरचा लेप दिला की पांढरा. २०१४ चं नोबेल तिघांना मिळालं. सगळ्या गोष्टीतला खलनायक विश्वातला सगळ्यांत हलका अणू निघाला.

थोडं शब्दांबद्दल. विश्वकोशात 'अर्धसंवाहक' आहे, शालेय पुस्तकांत 'अर्धवाहक', दुकानात 'सेमिकंडक्टर'. मी पहिला वापरला आहे, पण भांडणार नाही. 'डायोड', 'ट्रान्झिस्टर', 'एलईडी' तसेच ठेवले. त्यांना मराठी प्रतिशब्द शोधणं म्हणजे 'टेबल'ला शोधण्यासारखं आहे. चिपचे कारखाने, त्यांचं राजकारण, कुठल्या राज्याला कुठला प्रकल्प मिळाला, हे या पुस्तकात नाही. वर्तमानपत्रं ते काम उत्साहाने करत आहेत. गणित आहे, पण घाताचा अर्थ ठाऊक असलेल्या कुणालाही पेलेल इतकंच, आणि ते चौकटीत बंद केलं आहे. चौकटी गाळून वाचलं तरी गोष्ट तुटणार नाही. ट्रान्झिस्टर मुद्दाम शेवटून दुसऱ्या प्रकरणात ठेवला आहे. दोन संध्या पाठीला पाठ लावून बसल्या की काय होतं, ते एक संधी पुरती पचल्याशिवाय सांगण्यात अर्थ नाही.

पान उलटण्याआधी एक करा. पारदर्शक टोपीचा लाल एलईडी आणा, दोन-चार रुपयांना मिळतो. बॅटरी जोडू नका. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एलईडीच्या दोन तारांना लावा आणि गच्चीवर जाऊन त्याचं तोंड सूर्याकडे करा. दीड व्होल्टच्या आसपास आकडा येईल. उजेड देण्यासाठी बनवलेली वस्तू उजेड घेऊन वीज देते आहे. मग खाली येऊन, खोली अंधारी करून, पेटलेला निळा एलईडी या लाल एलईडीच्या तोंडाशी धरा: आकडा येईल. आता उलट करा, पेटलेला लाल निळ्याच्या तोंडाशी. मीटर जवळपास हलणार नाही. कारण वर सांगून झालं आहे, पण ते आपल्या मीटरवर पाहिलेलं बरं. त्या आकड्यांची नोंद जवळ ठेवा, पहिल्या प्रकरणात लागेल. आभाळ भरलेलं असेल तर दुसऱ्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल.